पेन्शन आली, झोप आली नाही

आमच्या घरात एक नियम आहे. रात्री कुणी उठलं तर आधी जरा खोकायचं, मग दिवा लावायचा आणि मगच पाय उचलायचा. पाहुणे आले की त्यांनाही हे सांगावं लागतं. "फौजी माणसाचं घर आहे, पहाऱ्याची सवय जात नाही त्यांची," असं मी हसत हसत सांगायची. पाहुणेही हसायचे. त्या हसण्याखाली मी काय काय झाकून ठेवलं, ते आज पहिल्यांदा लिहितेय. ह्यांना विचारूनच लिहितेय. "नाव घालू नको, बाकी लिही. कुणाच्या तरी उपयोगी पडंल," एवढंच म्हणाले.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९८८ साली बेळगावला ट्रेनिंगला गेले आणि २०१२ साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. आमचं लग्न १९९४ चं. त्यानंतरच्या अठरा वर्षांत मी त्यांच्याबरोबर क्वार्टरला राहिले ती मोजून अडीच वर्षं. बाकी सगळा संसार रजेचा. वर्षाची दोन महिन्यांची रजा, मध्येच मिळालीच तर थोडी किरकोळ रजा, आणि उरलेले दिवस आधी पत्रं आणि नंतर फोन. सातारा-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत.

२०१२ साली ते आले तेव्हा गावानं एसटी स्टँडपासून वाजतगाजत आणलं. हार, गुलाल, जेवणावळ. मी मनात म्हटलं, सुटले बाई! आता रात्री फोन वाजला तर पोटात गोळा यायला नको.

पण ते घरी आले आणि घरातले झालेच नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पलंग हलवून दाराकडे तोंड करून लावला. रात्री कडी तीन-तीनदा बघायची. लग्नाच्या पंगतीत पाठ भिंतीला लागेल अशीच जागा धरायची. दिवाळीत चार दिवस शेतातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसायचं. कारण विचारलं तर "लाईटचा टाइम रातचा हाय". रात्री दोन-अडीचला घामानं भिजून उठायचे आणि सोप्यात येरझाऱ्या घालायचे. मुलाच्या हातून ताट पडलं तर असे ओरडायचे की पोरगं थरथरायचं. मग स्वतःच दिवसभर गप्प.

आणि कॅन्टीनचा कोटा. आधी एक पेग, तो "झोप येण्यासाठी". मग महिन्याचा कोटा पंधरा दिवसांत संपायला लागला.

मला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. खरं सांगायचं तर थोडं चुकतही होतं. अठरा वर्षं बँक, शेत, पाणीपट्टी, मुलांच्या शाळा, आत्यांचं दुखणं, सगळं मीच पाहिलेलं. ते आले तेव्हा घराला त्यांची सवय नव्हती. मुलगा कुठली गोष्ट विचारायची असली तर त्यांच्यासमोरून उठून माझ्याकडे स्वयंपाकघरात यायचा. तिथं पंचवीस जणांच्या जेवणखाणाची, हत्यारांची, जिवाची जबाबदारी असलेला माणूस, इथं त्याला दळण आणायला पाठवायचं की नाही असा प्रश्न! बाकीचे लोक निवृत्त होतात ते साठीला. जवान घरी येतो तो पस्तीस-चाळिशीत. पुढं निम्मं आयुष्य पडलेलं असतं.

माझ्या सासूबाईंना वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे. देवऋषी झाला, उतारा झाला, अमावास्येला नारळ फोडून झाला. हे बिचारे आईच्या शब्दाखातर तिथंही सावधान उभं राहिल्यासारखे उभे राहिले.

मी डॉक्टरांकडे नेलं नाही असं नाही. २०१४ पासून पित्तासाठी गेलो, डोकेदुखीसाठी गेलो, बीपीसाठी गेलो. प्रत्येक ठिकाणी गोळ्या मिळाल्या. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस नावाची योजना आहे, तिच्या कार्डावर उपचार होतात. एकदा तिथल्या डॉक्टरसाहेबांनी विचारलंसुद्धा, "नींद ठीक आती है?" हे ताडकन म्हणाले, "जी साब." "और कोई तकलीफ?" "नहीं साब, ठीक हूं." मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली. रात्रभर जागा असलेला माणूस डॉक्टरांना ठीक आहे म्हणून सांगतोय, आणि मीही पदर सावरून गप्प बसले.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "खोटं का बोललात?" ते म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. कॅटेगरी जाती."

पेन्शनीवर येऊन दोन वर्षं झाली होती. तरी कॅटेगरी!

ही कॅटेगरी काय ते मला पुढं समजलं. फौजेत प्रत्येक जवानाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांत मोजतात. कान, हातपाय, शरीर, डोळे, आणि सगळ्यात पहिलं अक्षर मनाचं. सगळ्यांत एक नंबर असेल तर 'शेप वन'. एखादं अक्षर खाली आलं की 'लो मेडिकल'. मग बढती, कोर्स, चांगली पोस्टिंग, सगळ्यावर परिणाम. पाय मोडून कॅटेगरी खाली आली तर चारचौघांत सांगता येतं. पहिल्या अक्षरात खाली आली की बरोबरचे जवान बघायची नजर बदलते, हातात हत्यार द्यायचं की नाही याचा विचार होतो. हत्यारधारी माणसाच्या बाबतीत हा विचार करावाच लागत असणार, ते मला पटतं. पण त्यामुळे चोवीस वर्षं जिभेला एकच उत्तर पाठ होतं, ठीक हूं साब. युनिफॉर्म उतरला तरी ते उत्तर उतरत नाही.

दुसरी गोष्ट, घरी आल्यावर यांनी केलं काय? बहुतेक माजी सैनिक करतात तेच. बंदुकीचं लायसन काढून एका बँकेत गार्ड म्हणून लागले. आता मन बरं नाही असं कागदावर आलं तर बंदूक जाणार, बंदूक गेली की नोकरी जाणार. घरात मुलीचं शिक्षण, मुलाचं इंजिनीअरिंग. कोण बोलेल?

तिसरी गोष्ट गावाची. रोज पहाटे भरतीची पोरं आमच्या दारावरून पळायला जातात आणि "फौजी काका, जय हिंद!" म्हणून जातात. झेंडावंदनाला यांना पुढची खुर्ची. ज्याच्याकडे बघून पोरं छाती फुगवतात त्यानं सांगायचं, की मला अंधाराची भीती वाटते? आपल्याकडे मनाच्या डॉक्टरचं नुसतं नाव निघालं तरी लोक 'येरवडा' म्हणून मोकळे होतात.

आणि चौथी गोष्ट यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलेली. "मला काय झालंय? दोन हात, दोन पाय हायत. ज्यांचं गेलं त्यांनी रडायचं."

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावच्या ४६ जणांनी जीव दिला, त्यांचं स्मारक तिथं आहे. मी एकदा बचत गटाच्या बायकांबरोबर गेले होते. बाकीच्या फोटो काढत होत्या आणि माझ्या मनात आलं, गेले त्यांचा आकडा आहे. परत आले त्यांचं काय झालं? त्यांना झोप लागत होती का? त्यांच्या बायकांनी कुणाला सांगितलं असेल? त्याच युद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर काही सैनिक थरथरायचे, मुके व्हायचे. इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'शेल शॉक' नाव दिलं. पण पुष्कळ अधिकारी त्याला भित्रेपणाच समजायचे. पळून गेले, भ्याले म्हणून ब्रिटिश फौजेनं आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या, आणि त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. व्हिएतनामच्या लढाईनंतर, १९८० साली, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी या दुखण्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर असं नाव देऊन रोगांच्या यादीत घातलं. म्हणजे दुखणं जुनंच, त्याची लाजही जुनीच.

पण मैत्रिणींनो, नुसतं फौजेला आणि गावाला नावं ठेवून मला सुटता येणार नाही. २०१७ साली यांनी एकदा स्वतःहून विषय काढला होता. जेवताना म्हणाले, "पुण्याला एखाद्या डॉक्टरला दाखवावं का? डोक्याच्या?" त्या वेळी लेकीला बघायला पाहुणे येत होते. मी पटकन म्हणाले, "आत्ता नको हो. कुणाला कळलं तर पोरीचं जमायचं नाही. लग्न होऊ द्या, मग बघू." ते बरं म्हणाले. पुन्हा दोन वर्षं त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. जो माणूस कधी मदत मागत नाही त्यानं एकदा मागितली होती, आणि मी त्याला थांबायला सांगितलं. हे मला अजून झोंबतं.

लेकीचं लग्न २०१८ साली झालं. २०१९ च्या थंडीतली गोष्ट. मुलगा पुण्याहून न कळवता रात्री उशिरा आला. आम्हाला उठवायला नको म्हणून मागच्या दारानं आत आला, दिवा न लावता. मला जाग आली ती भांडी पडल्याच्या आवाजानं. स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला तर यांनी पोराला भिंतीशी दाबून धरलेलं, हात त्याच्या गळ्यावर. यांचे डोळे उघडे होते पण ते आमच्याकडे बघत नव्हते. मी ओरडले, "अहो, तुमचा मुलगा आहे तो!" तेव्हा हात सुटला.

पोराला काही झालं नाही. गळ्यावर चार दिवस वळ होते. पण हे उजाडेपर्यंत चुलीपाशी बसून राहिले. सकाळी आंघोळ करून बंदूक आणि काडतुसं घेऊन पोलीस ठाण्यात जमा करून आले. बँकेत सांगितलं, डोळ्यांनी कमी दिसतं, नोकरी जमत नाही. बघा, डोळ्याचं कारण सांगता आलं. मनाचं तेव्हाही सांगता आलं नाही.

त्याच महिन्यात यांच्या पलटणीतले एक नायब सुभेदार भाऊजी एका लग्नासाठी आले आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिले. रात्री दोघे सोप्यात झोपले. सकाळी चहा घेताना भाऊजी माझ्यासमोरच म्हणाले, "हवालदार, रात्रभर जागा होतास. मी पण असाच होतो. दोन वर्षं झाली गोळी घेतोय. आता झोपतो." एवढंच. उपदेश नाही, काही नाही. हे कितीतरी वेळ कपाकडे बघत राहिले आणि मग विचारलं, "कुठं घेतोस?"

बायको म्हणाली, आई म्हणाली, तर ते झालं नाही. आपल्याच पलटणीतला, आपल्यासारखाच एक माणूस म्हणाला तेव्हा झालं. पुढच्या आठवड्यात भाऊजीच आम्हाला घेऊन गेले. डॉक्टर मराठी बोलणारे होते. त्यांनी "ठीक आहात का" असं विचारलंच नाही. "शेवटची पुरी झोप कधी लागली?" असं विचारलं. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "२००१ साली."

मी थक्क झाले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. २००१ साली हे काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सला होते. रोज पहाटे रस्ता तपासायला एक टोळी निघते, सुरुंग पेरलेत का बघायला. त्या दिवशी यांना ताप होता. यांच्या जागी दुसरा गेला, आपल्याच बाजूचा, पलीकडच्या तालुक्यातला पोरगा. तो परत आला नाही. हे सगळं डॉक्टरांपुढे सांगायला यांना पाच भेटी लागल्या. तेव्हा मला कळलं, की माझ्या माहेरी जायला सरळ एसटी असताना हे नेहमी आडवळणाच्या गाडीनं का न्यायचे. सरळ रस्त्यावर त्या पोराचं गाव लागतं. पंधरा वर्षं मी यावरून भांडत होते.

उपचाराचंही स्पष्ट लिहिते. जादू झाली नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. मधेच बरं वाटलं म्हणून यांनी मनानंच गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा त्रास झाला, तेव्हा डॉक्टर रागावले. गोळी आणि रम एकत्र चालत नाही हे समजावून घ्यायला वर्ष गेलं. गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचार असतात, जे डोळ्यांसमोर येतं ते हळूहळू शब्दांत आणायचं. तेच यांना सगळ्यात अवघड गेलं. आजही दिवाळीत हे शेतावरच जातात. पण आता कारण सांगून जातात, "फटाक्यांचा त्रास होतो मला." आणि रात्री चार-पाच तास झोपतात. मुलगा हल्ली स्वयंपाकघरात न येता त्यांच्याच शेजारी बसून बोलतो. त्या पोराच्या आईला भेटायचं यांच्या मनात आहे. एकदा त्यांच्या गावच्या स्टँडपर्यंत आम्ही दोघं गेलो, रसवंतीत बसलो आणि परत आलो. मी काही म्हणाले नाही. पुन्हा कधीतरी जाऊ.

एका भेटीत डॉक्टरांनी अचानक मला विचारलं, "आणि ताई, तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं काय, मी ठीक आहे." म्हणाले आणि मलाच हसू आलं. मग रडू आलं ते अर्धा तास थांबेना. घरात एक जण पहारा देत असला की सगळेच जागे असतात.

आता थोडं कामाचं सांगते. तुमच्या घरात, भावकीत, शेजारात असा कुणी परतलेला असेल तर "तुम्हाला काय झालंय?" असं विचारू नका, "ठीक आहे" हेच उत्तर येईल. झोपेचं विचारा. पित्त, डोकेदुखी, बीपीसाठी डॉक्टरांकडे नेलंत तर झोपेचं आणि दारूचं तुम्ही स्वतः सांगा, माझ्यासारख्या गप्प बसू नका. त्यांच्या पलटणीतलं कुणी बरं झालेलं असेल तर त्यांना घरी जेवायला बोलवा. ईसीएचएसचं कार्ड असेल तर त्यावर मनाच्या आजाराचेही उपचार होतात आणि त्यात बायकोचंही नाव असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फुकट फोनसेवा आहे, १४४१६ हा तिचा नंबर. मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास फौजी लोकांसाठी तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिलेला आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. मरणाची भाषा यायला लागली, निरवानिरव सुरू झाली तर मात्र वाट बघू नका. माणसाला एकटं सोडू नका आणि घरात हत्यार असेल तर आधी ते बाहेर काढा.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. आमच्या दारावरून पळणाऱ्या पोरांपैकी काही त्यात गेली, आणि बरीचशी चार वर्षांनी घरी यायची आहेत, ऐन पंचविशीच्या आत. त्यांच्यासाठी बँड लागेल, गुलाल उधळला जाईल. त्यांच्या आयांना मी आत्तापासून सांगून ठेवलंय, मिरवणूक झाल्यावर आठ दिवसांनी पोराला विचारा, बाळा, झोप लागते का रे?

परवा रात्री पाणी प्यायला उठले आणि खोकायला विसरले. दिवाही लावला नाही. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं आणि जागच्या जागी थांबले. आतून यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. पाणी न पिताच कितीतरी वेळ मी तिथं उभी राहिले.